दिमोनातले आफ्रिकन हिब्रू इस्रायली: शिकागो ते नेगेव्ह

नेगेव्हकर (धागाकर्ता)

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या दिमोनाचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना अणुभट्टी आठवते, आणि ज्यांना बेने इस्रायली समाजाबद्दल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) थोडंफार माहीत आहे त्यांना तिथली मराठी बोलणारी घरं. पण त्याच गावात अजून एक वस्ती आहे जिच्याबद्दल मराठीत मला फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी नोकरीनिमित्त बिअर शेवाला असतो, दिमोनाला ओळखीच्या घरी येणंजाणं आहे आणि बाजारात ही माणसं हमखास दिसतात. रंगीबेरंगी सुती कपडे, पुरुषांच्या डोक्यावर विणलेल्या गोल टोप्या, बायकांनी डोक्याला घट्ट गुंडाळलेले रुमाल. आणि नीट बघितलं तर सदऱ्याच्या खालच्या कडेला लोंबणारे गोंडे आणि त्यांच्यावर शिवलेली निळी दोरी. आपसात बोलतात ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लहेज्यातलं इंग्रजी, आणि लगेच वळून भाजीवाल्याशी हिब्रूत घासाघीस.

यांचं अधिकृत नाव आफ्रिकन हिब्रू इस्रायलाइट्स ऑफ जेरुसलेम. वस्तीला कफार हशालोम म्हणतात, म्हणजे शांतीचं गाव. इस्रायलमध्ये सगळे मिळून साधारण ३,००० लोक असतील, बहुतेक दिमोनात, थोडे अराद आणि मित्झ्पे रामोनला.

गोष्ट सुरू होते शिकागोत. १९३९ साली जन्मलेला, फाउंड्रीत काम करणारा बेन कार्टर नावाचा तरुण. १९६६ च्या सुरुवातीला आपल्याला गॅब्रिएल देवदूताचा संदेश आला असं त्याने सांगितलं, की अमेरिकेतले काळे लोक हे प्राचीन इस्रायलींचे वंशज आहेत आणि तू त्यांना वचन दिलेल्या भूमीकडे घेऊन जा. पुढे त्याने बेन अम्मी बेन इस्रायल असं नाव घेतलं. आता हे वाचून लगेच हसू नका, त्या वर्षीचं शिकागो डोळ्यासमोर आणा. काळ्यांना गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नव्हतं, त्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग स्वतः शिकागोत येऊन मोर्चे काढत होते आणि त्या मोर्चांवर दगड पडत होते. पुढच्या उन्हाळ्यात डेट्रॉइट आणि न्यूअर्क पेटलं. या देशात आपलं काही खरं नाही असं वाटणाऱ्या माणसांना कुणीतरी सांगत होतं की तुम्ही गुलामांची पोरं नाही, तुम्ही याकोबाची लेकरं आहात आणि ही मिसर आहे (बायबलमधला इजिप्त, जिथे इस्रायली गुलाम होते), इथून निघा.

आणि लोक खरंच निघाले. १९६७ मध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसं घरदार, नोकऱ्या सोडून लायबेरियाला गेली. लायबेरियाच का, तर तो देशच मुळात अमेरिकेतून परतलेल्या मुक्त गुलामांनी वसवलेला, काळ्या माणसाला तिथे नागरिकत्व मिळण्याची सोय होती. ग्बाटाला नावाच्या जागेजवळ जंगलात जमीन घेतली, तंबू ठोकले. शहरात वाढलेली माणसं ही, पावसाळा काय असतो याची कल्पना नाही. तंबू गळायचे, साप निघायचे, मुलं आजारी पडायची. दोनअडीच वर्षांत निम्म्याहून जास्त लोक अमेरिकेला परत गेले. जे राहिले त्यांनी याला नाव दिलं अरण्यवास. मोशेबरोबर मिसरमधून निघालेले लोक ४० वर्षं अरण्यात भटकले ते गुलामीची सवय अंगातून जाण्यासाठी, तसंच आपलं हे, अशी त्यांची समजूत.

१९६९ च्या डिसेंबरात पहिल्या काही कुटुंबांचे ३९ लोक इस्रायलला येऊन पोचले. त्यांना दिमोनाला पाठवलं. १९७० मध्ये बेन अम्मी आणि बाकीचे आले. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला की हे लोक ज्यू आहेत का. रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं म्हणणं, धर्मांतराचा विधी करा मग बघू. यांचं म्हणणं, आम्ही मुळातच इस्रायली आहोत, आम्ही कशात धर्मांतर करायचं? १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने परतीच्या कायद्याखाली (ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक व्हायचा हक्क देणारा कायदा) यांना हक्क नाही असा निकाल दिला. हद्दपारी टळावी म्हणून यांच्यातल्या बऱ्याच जणांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलं, म्हणजे परत पाठवायचं तर कुठे पाठवणार. जवळपास २० वर्षं ही माणसं कुठल्याच देशाची नव्हती. कामाचा परवाना नाही, मुलांच्या जन्माची धड नोंद नाही, सरकारी दवाखाना नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा फार लांबेल. मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल की एखाद्या समाजाने ठरवून, पुस्तकातून शोधून काढून जुना धर्म परत जगायला घेतला तर त्याला खरा म्हणायचं की नाही, आणि ते ठरवायचं कुणी.


अभ्यासू_मुंगी

मस्त विषय. वाखु साठवली आहे. एक विचारायचं होतं, की हे वंशज असल्याचा दावा कशावर आधारलाय? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम नेले हे तर सगळ्यांना माहीत आहे, मधेच इस्रायल कुठून आलं?


नेगेव्हकर

@अभ्यासू_मुंगी, त्यांच्या मांडणीप्रमाणे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हा बरेच इस्रायली आफ्रिकेत पळाले, शतकानुशतकं सरकत सरकत पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले आणि तिथून गुलाम म्हणून विकले गेले. आधार देतात तो बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायाचा. तिथे आज्ञा मोडली तर काय काय शाप लागतील याची लांबलचक यादी आहे आणि शेवटच्या ओवीत म्हटलंय की तुला जहाजांतून परत मिसरला नेतील, तिथे तुम्ही दासदासी म्हणून स्वतःला विकायला काढाल. जहाजं आणि गुलामी एकाच ओवीत. ज्याच्या पणजोबाला साखळदंड घालून जहाजात कोंबलं होतं त्याला ते वाचून काय वाटलं असेल याचा विचार करा.

इतिहासकार हा वंशाचा दावा मान्य करत नाहीत आणि मलाही त्याला पुरावा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण ही कल्पना बेन अम्मीची एकट्याची नाही. गुलामीतल्या भजनांत मोशे, फारो, यार्देन नदी जिकडेतिकडे आहेत, गुलामांना पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशेच म्हणायचे. १८९६ ला विल्यम क्राउडीने कॅन्ससमध्ये असा पंथ काढला होता, १९१९ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कमांडमेंट कीपर्स नावाची मंडळी सुरू झाली. दिमोनावाल्यांचं वेगळेपण एवढंच की त्यांनी नुसतं म्हटलं नाही, बाडबिस्तरा उचलून निघाले.


तर्ककर्कश

म्हणजे दावा खोटा आहे हे तुम्हीच मान्य करताय. मग पुढे चर्चा कसली? खोट्या वंशावळीवर उभा केलेला धर्म, आणि त्या जोरावर दुसऱ्याच्या देशात घुसून हक्क सांगायचा. आणि मी वाचलंय की सुरुवातीच्या काळात हे लोक म्हणायचे की आम्हीच खरे इस्रायली, बाकीचे ज्यू तोतये. हे लिहिलं नाहीत तुम्ही.


नेगेव्हकर

@तर्ककर्कश, बरोबर आहे, १९७० च्या दशकात त्यांची भाषा तशीच होती आणि ती अतिशय वाईट होती. ज्या देशात छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं राहतात तिथे येऊन त्यांना तोतये म्हणायचं, याने त्यांनी स्वतःचंच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतलं. पुढे त्यांनी ती भाषा सोडली. अमेरिकेत रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून ज्यूंना शिव्या देणारे काही गट अजूनही आहेत, नाव मिळतंजुळतं असल्यामुळे लोक गल्लत करतात, ते वेगळे आणि हे वेगळे.

पण तुमचं पहिलं वाक्य मला पटत नाही. इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. हे वंशज आहेत का? त्यांची श्रद्धा खरी आहे का? त्यांना इथे राहू द्यावं का? तुम्ही पहिल्याचं उत्तर नाही आलं की उरलेल्या दोघांचंही नाही धरून चालताय. जगातल्या कुठल्या धर्माची वंशावळ इतिहासाच्या परीक्षेत पूर्ण उतरते सांगा.


शिकागोचा_वारा

मी इथे साउथ साइडला जवळच राहतो. यांचं ७५ व्या रस्त्यावर शाकाहारी हॉटेल आहे, कित्येक वर्षं चालू आहे. आईबाबा आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम नेलं कारण बाहेर खायचं म्हणजे त्यांना दूध-अंडं-जिलेटिन विचारत बसावं लागतं आणि इथे प्रश्नच नाही, सगळं शंभर टक्के वनस्पतीजन्य. गव्हाच्या ग्लुटेनचा एक प्रकार करतात, तंतू सुटे होतात त्याचे, वर गोडसर बार्बेक्यू सॉस, आणि बाजूला शिजवलेला हिरवा पाला. आई म्हणाली हे तर माठाच्या भाजीसारखं लागतंय. भिंतीवर बेन अम्मींचा फोटो होता तेव्हा कुणाचा ते कळलं नव्हतं, आज कळलं. अटलांटालाही यांचं हॉटेल आहे.


गावठी_वीगन

थांबा थांबा, हे लोक वीगन आहेत? प्राचीन इस्रायली धर्म म्हणजे तर बकरे-मेंढे कापून वेदीवर जाळायचे असंच वाचलंय मी. वल्हांडणाचा (मिसरमधून सुटल्याच्या सणाचा) कोकरू, दोषार्पण, शांत्यर्पण, सगळं मांसच. मग हे पुनरुज्जीवन कशाचं करतायत?


नेगेव्हकर

@गावठी_वीगन, या प्रश्नाची वाटच बघत होतो, कारण मला या लोकांमधलं सगळ्यात विचार करायला लावणारं हेच वाटतं.

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, १:२९ ला, देव आदामाला सांगतो की बीज देणारी प्रत्येक वनस्पती आणि फळझाड हे तुमचं अन्न. मांस खायची परवानगी येते ती बऱ्याच नंतर, जलप्रलय होऊन गेल्यावर नोहाला, नवव्या अध्यायात. हे म्हणतात की मांस ही पडझडीच्या काळातली सवलत होती आणि आपल्याला जायचंय ते एदेन बागेपर्यंत मागे. म्हणजे बाकीचे पुनरुज्जीवनवाले सिनाय पर्वतापाशी किंवा शलमोनाच्या मंदिरापाशी थांबतात, हे त्याच्याही मागे जातात. त्यामुळे वल्हांडण पाळतात पण कोकरू नाही. मांस, अंडी, दूध, लोणी काही नाही, १९७० च्या दशकापासून. नुसतं तेवढंच नाही, ठरावीक दिवस मिठाशिवाय जेवायचं, वर्षातले काही आठवडे फक्त कच्चं खायचं, व्यायाम सक्तीचा, दारू-सिगरेट नाही. सोयाचं दूध, टोफू, सोयाचं आइस्क्रीम स्वतः बनवतात. इस्रायल आज वीगन लोकांचा देश म्हणून मिरवतो पण इथे टोफू म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं तेव्हापासून हे लोक तो करून विकतायत.

बाकीचं मात्र तोऱ्यातून (बायबलची पहिली पाच पुस्तकं) अक्षरशः उचललेलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. बाळंतपणानंतर मुलगा झाला तर ४० दिवस आणि मुलगी झाली तर ८० दिवस विटाळ, लेवीय पुस्तकात आहे तसं. कपडे फक्त नैसर्गिक धाग्याचे, पॉलिएस्टर चालत नाही. गोंड्यांवरची निळी दोरी गणना या पुस्तकातल्या १५:३८ मधली. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत शब्बाथ, आणि त्या दिवशी पूर्ण उपास.


रोहा_ते_अश्दोद

नमस्कार. मी नेहमी वाचते, लिहिते क्वचित, पण हा धागा आमच्या घरचा आहे म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्रायली, मी लहानपणी आईबाबांबरोबर इथे आले, माझी आत्या दिमोनाला होती आणि सगळ्या सुट्ट्या तिच्याकडेच गेल्या. ती कापडगिरणीत होती. त्या गिरणीच्या वाटेवर ही माणसं भेटायची. आत्याचं इंग्रजी चांगलं होतं, मुंबईच्या शाळेत शिकलेली ना, त्यामुळे त्यांच्या बायकांशी तिची लवकर ओळख झाली, गावातल्या मोरोक्कन बायकांशी तिला तेवढं बोलता यायचं नाही.

शब्बाथचा उपास ऐकून आत्याला फार वाईट वाटायचं. आमच्यात शब्बाथ म्हणजे गोडधोड, शुक्रवारी दुपारपासून सगळं शिजवून ठेवायचं, नारळाच्या दुधातली मटणाची आमटी करायची कारण मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. आणि यांची मुलं शनिवारी उपाशी! एकदा तिने रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला केलेला चिकाचा हलवा शेजारच्या एका बाईला दिला. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, वेलची. ती बाई आधी विचारते यात प्राण्याचं काही आहे का, आत्या म्हणाली नारळ कुठल्या प्राण्याला लागतात गं? त्यानंतर दर वर्षी एक ताट त्यांच्याकडे जायचं. तुपाचा हात लावायची नाही ती त्या ताटाला.

पण एक सांगते, मला ही सरसकट तुलना आवडत नाही. आमच्या पूर्वजांची जहाजं नवगावला फुटली, सात जोडपी वाचली, पुस्तकं बुडाली असं आम्ही ऐकत आलो. हिब्रू विसरले, एक शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून तर गावाने शनिवार तेली म्हटलं. सुंता चुकली नाही. ते कुणी पुस्तक वाचून निवडलं नव्हतं, आजीने पणजीकडून घेतलं. यांनी १९६६ मध्ये सुरू केलं. दोन्ही सारखं कसं होईल?


मोगरा

ताई, किती छान लिहिलंत. आत्याबद्दल अजून लिहा ना.


नेगेव्हकर

@रोहा_ते_अश्दोद, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. फरक आहेच, तो मी पुसत नाही. बेने इस्रायलींची परंपरा अखंड आहे, २०१६ मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासातही मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आणि भारतीय अंश दोन्ही दिसले. दिमोनातल्यांच्या बाबतीत तसं काही नाही.

पण जे अनुभवाला आलं ते बघा. १९६१-६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी सूचना काढल्या की बेने इस्रायली माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याची आईकडून मागची वंशावळ तपासा. फक्त बेने इस्रायलींसाठी! पोलंडहून आलेल्याला कुणी विचारत नव्हतं. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये लोक बायकामुलांसह रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे संसदेने ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर पाचसहा वर्षांतच शिकागोवाले येऊन त्याच दारात उभे. दार उघडणारे तेच, प्रश्न तोच. त्यामुळे बाकीच्या इस्रायलला नाही तरी मराठी बोलणाऱ्या दिमोनाला त्यांची तगमग कळायला हवी असं मला वाटतं, आणि तुमच्या आत्यांना ती कळली होती असं दिसतंय.


नागपुरी_संत्रा

मला दीक्षाभूमी आठवली. १९५६ ला आमच्या आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला. बाबासाहेबांची मांडणी होती की आपण मुळातले बौद्धच, म्हणून आपल्याला गावाबाहेर टाकलं, आणि इतिहासाचे प्राध्यापक त्यावर आजही वाद घालतात. घालू देत. आजोबांना त्यातून ताठ मानेनं चालायला मिळालं आणि आमच्या घरातली पोरं शिकली हे कुठल्या प्राध्यापकाने खोडून दाखवावं. जुना धर्म शोधून परत घेणं हे पिचलेल्या माणसाला फार आतून लागतं. ज्याच्या घरात सातबारा पिढ्यानपिढ्या आहे त्याला ते पटकन समजणार नाही. @तर्ककर्कश, तुमच्यावर रोख नाही, पण विचार करा.


तर्ककर्कश

@नागपुरी_संत्रा, मुद्दा पोचला. पण बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञांत कुणाला अमरत्व देऊ केलं नव्हतं आणि स्वतःला देवाचा प्रतिनिधी म्हणवलं नव्हतं. या बेन अम्मीचे अनुयायी त्याला मसीहा मानायचे आणि शुद्ध जगलं तर मरणच येणार नाही असं शिकवायचे ना? तो २०१४ ला वारला. मग काय झालं त्या शिकवणीचं?


नेगेव्हकर

हो, २७ डिसेंबर २०१४ ला, ७५ व्या वर्षी, बिअर शेवाच्या इस्पितळात. लोकांना प्रचंड धक्का बसला असणार यात शंका नाही. पण पंथ मोडला नाही. बारा ज्येष्ठांचं मंडळ आधीपासून होतं, त्यांनी कारभार चालू ठेवला. अमरत्वाची शिकवण मला कधीच पटली नाही आणि ती धोकादायकही होती, कारण माणूस आजारी पडला की त्याचाच काहीतरी दोष असणार असा अर्थ निघतो.


मोगरा

आणि बायकांचं काय? एकेका पुरुषाला सातपर्यंत बायका चालायच्या असं वाचलं. सगळे ताठ मानेबद्दल बोलतायत म्हणून विचारतेय, मान कुणाची? याकोबाला दोन बायका आणि दोन दासी होत्या म्हणून आम्हीही करणार, हे पुनरुज्जीवन कुणाच्या सोयीचं? आदाम-हव्वेपर्यंत मागे जायचं म्हणता तर तिथे तर एकच जोडपं होतं! जेवणात एदेन बाग आणि लग्नात याकोब, असं कसं चालेल.


अभ्यासू_मुंगी

मोगराला प्रचंड अनुमोदन.


नेगेव्हकर

@मोगरा, याला माझ्याकडे बचाव नाही. ते याला दैवी विवाह म्हणायचे. इस्रायली कायद्यात दुसरं लग्न गुन्हा आहे त्यामुळे या लग्नांची सरकारी नोंद नसायची, म्हणजे पुढेमागे काही बिनसलं तर दुसऱ्या-तिसऱ्या बायकोच्या हातात कागदसुद्धा नाही. सोडून गेलेल्या लोकांनी पैशांबद्दल, लग्नाला वरच्यांची परवानगी लागण्याबद्दल तक्रारी केल्यात आणि त्या मी खोट्या मानत नाही. सगळ्यांची कमाई एका थैलीत जायची त्या काळात बाहेर पडायचं तरी कशाच्या जोरावर?

दुसरी बाजू म्हणजे त्यांच्यातल्या दाया. बाळंतपणं वस्तीतच, त्यांच्या स्वतःच्या प्रसूतिगृहात व्हायची, सुरुवातीला सरकारी दवाखाना मिळत नव्हता म्हणून आणि नंतर श्रद्धा म्हणून. ते काम पूर्ण बायकांच्या हातात. पण तेवढ्याने तुमचा मुद्दा कमी होत नाही.


रोहा_ते_अश्दोद

@मोगरा, आमच्या गावात येमेनहून आलेले म्हातारे ज्यू होते दोन दोन बायका घेऊन आलेले, त्यांना सरकारने आहे तसं चालू दिलं, नवीन करू दिलं नाही. आत्याच्या त्या मैत्रिणीला आत्याने सरळ विचारलं होतं, तुला चालतं का गं हे? ती म्हणाली शिकागोत माझ्या इमारतीत कुठल्याच पोराला बाप नव्हता, इथे माझ्या पोरांना बाप आहे. आत्याला ते पटलं नाही पण ती पुढे काही बोलली नाही. मलाही पटत नाही. पण ती बाई कुठून आली होती हेही बघावं लागतं.

आणि १९८६ चं लिहा ना. तेव्हा मी आत्याकडेच होते.


नेगेव्हकर

ताई, ते तुम्हीच लिहिलं असतं तर जास्त बरं झालं असतं. मी थोडक्यात सांगतो. विनापरवाना काम करतात म्हणून त्यांच्या काही लोकांना पकडून हद्दपार करणं चालू होतं. निषेध म्हणून त्यांनी जेरुसलेमपर्यंत चालत जायचं ठरवलं आणि एप्रिल १९८६ मध्ये पोलीस आणि सैनिकांनी वस्तीला वेढा घातला. सुदैवाने गोळी सुटली नाही. पुढे १९९० च्या सुमारास सरकारशी समझोता झाला, आधी तात्पुरता रहिवास मिळाला आणि २००३ मध्ये कायमचा. २००४ पासून त्यांची मुलं सैन्यात जायला लागली. २००९ मध्ये त्यांच्यातल्या पहिल्या माणसाला नागरिकत्व मिळालं, म्हणजे आल्यापासून ४० वर्षांनी.

मधे दोन गोष्टींनी लोकांचं मत फिरलं. १९९९ ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जेरुसलेमला होती आणि इस्रायलतर्फे गाणाऱ्या ईडन नावाच्या चौघांच्या गटात याच वस्तीतले दोन बटलर भाऊ होते, पाचवा नंबर आला. आणि २००२ च्या जानेवारीत हदेराला एका मुलीच्या बात मित्झ्वाच्या (मुलगी वयात आल्याचा ज्यू विधी) समारंभात गात असताना यांच्यातला गायक अहारोन एलिस दहशतवादी हल्ल्यात मारला गेला. ज्यांना हा देश आपलं म्हणत नव्हता त्यांचा माणूस देशाच्या दुखवट्यात सामील झाला.


रोहा_ते_अश्दोद

वेढ्याच्या त्या दिवसांत आत्या दाराशी उभी राहायची. वस्तीच्या टोकाला जीपगाड्या, आणि आतून सगळा वेळ गाण्याचा आवाज येत होता. बायका, मुलं, सगळे मिळून गात होते. आत्याने घरात मलिदा मांडला, एलियाहू हनवीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेऊन. पोहे भिजवलेले, खोबरं, साखर, वेलची, वर केळी-सफरचंदाच्या फोडी. नवस आमच्या लोकांचा पण मागणं त्यांच्यासाठी होतं. बाबा तिला म्हणाले अगं ते ज्यू आहेत की नाही हेच ठरलेलं नाही. आत्या म्हणाली आपलंही ठरलं नव्हतं.


साधा_वाचक

ताई, अंगावर काटा आला. पुढचं वाचतोय.


अभ्यासू_मुंगी

एक शंका. हे तालमूद (रब्बींचा जुना भाष्यग्रंथ) मानत नाहीत, रब्बी मानत नाहीत, फक्त तोरा. मग हे कराइट (फक्त तोरा मानणारा जुना ज्यू पंथ) लोकांसारखेच झाले ना? आणि शोमरोनी (समॅरिटन)? तेही स्वतःला प्राचीन इस्रायलीच म्हणवतात.


नेगेव्हकर

वरवर पाहता तसंच, पण कराइट आठव्या-नवव्या शतकापासून आहेत, त्यांची स्वतःची भाष्यपरंपरा आहे, इथे रामला आणि अश्दोदला त्यांची मोठी वस्ती आहे, महिना ठरवायला अजून चंद्रकोर प्रत्यक्ष बघायचा आग्रह धरतात. इस्रायलने त्यांना ज्यू म्हणून आत घेतलं. शोमरोनी जेमतेम आठ-नऊशे उरलेत, गेरिझिम डोंगरावर आणि होलोनला, आणि ते वल्हांडणाला आजही खरोखर मेंढरं कापतात. हे दोघेही पुनरुज्जीवनवाले नाहीत, त्यांचं बंदच पडलं नव्हतं. दिमोनावाल्यांनी कुठलीही जिवंत परंपरा हातात नसताना सुरुवात केली. हनुक्का, पुरीम वगैरे तोऱ्यात नसलेले सण पाळत नाहीत, पण स्वतःचा एक नवा सण घातलाय. दर मे महिन्यात न्यू वर्ल्ड पासओव्हर (पासओव्हर म्हणजे वल्हांडण), १९६७ ला अमेरिकेतून निघाले त्याची आठवण म्हणून. दोन दिवस खेळ, गाणी, जेवणं, परदेशातले लोकही येतात. मला वाटतं हा सण त्यांच्या धर्माचा गाभा आहे. वंश सिद्ध होवो न होवो, एक निर्गम त्यांनी स्वतःच्या पायांनी केला आणि त्याचं वल्हांडण पाळायचा हक्क त्यांनी कमावलाय.


तर्ककर्कश

हे शेवटचं वाक्य मला मान्य आहे. वंशाचं नाही, पण हे आहे.

आज काय परिस्थिती आहे? सगळं सुरळीत?


नेगेव्हकर

नाही ना. २०२१ मध्ये कागदपत्रं नसलेल्या चाळीसहून जास्त जणांना ६० दिवसांत देश सोडा अशा नोटिसा आल्या. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले किंवा इथेच वाढलेले, दुसरी भाषा येते ती घरात बोलतात ते इंग्रजी तेवढीच. एकाच घरात एक भाऊ सैन्यात आणि दुसऱ्याला नोटीस. म्हणून मी वर तीन प्रश्न वेगळे करा म्हणालो. आईबाप १९७० ला काय समजून आले याचा हिशोब नातवंडांकडून वसूल करू नये. पोरगं इथे शाळेत गेलं, इथे वाढलं, त्याला कुठल्या अमेरिकेत पाठवणार? त्याच्यासाठी अमेरिका म्हणजे आजीच्या गोष्टीतली मिसर.


शिकागोचा_वारा

मी पुढच्या वर्षी कामानिमित्त तेल अवीवला येणार आहे. वस्ती बघता येते का बाहेरच्या माणसाला?


नेगेव्हकर

येते. आधी फोन करून विचारा, त्यांच्यातलं कुणीतरी बरोबर फिरवतं, जेवणाचंही सांगता येतं. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार टाळा, उपास असतो आणि सगळं बंद असतं. साधे अंगभर कपडे घाला, चामड्याच्या वस्तू किंवा खाण्याचं काही नेत असाल तर आधी विचारून घ्या. मे महिन्यात येणार असाल तर न्यू वर्ल्ड पासओव्हरची तारीख बघून या. तेल अवीवहून थेट बस किंवा बिअर शेवापर्यंत ट्रेन आणि पुढे बस, कसंही जमतं. बिअर शेवाला आलात की मला व्यनि करा, मी येतो बरोबर.


रोहा_ते_अश्दोद

मलाही कळवा. आत्या आता नाही पण तिच्या मैत्रिणीची मुलगी तिथेच आहे, तिला सांगून ठेवते. हलवा मी करून आणीन, तुपाशिवायचा.